७५ ते ९० मिमीची छोटी मॅन्युअल लेन्स: फोकस बसत नसेल तर या क्रमाने जा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यांभोवती लाल पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) चमकत होतं, म्हणून शटर दाबलं. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर कानाजवळचे केस शार्प आणि डोळे मऊ. मग लेन्सला दोष दिला जातो, ती विकायला निघते, आणि पुढच्या मालकाकडे तीच लेन्स उत्तम चालते.

हा लेख फॉइग्टलँडरची ७५ मिमी एफ/२.५ कलर-हेलियार, ९० मिमी एफ/३.५ अपो-लँथार, ९० मिमी एफ/२.८ अपो-स्कोपार, लायकाची ९० मिमी एफ/४ एल्मार-सी किंवा ९० मिमी एफ/२.८ टेले-एल्मारिट अशा लेन्स वापरणाऱ्यांसाठी आहे. या सगळ्या मुठीत मावणाऱ्या, लायका एम किंवा ३९ मिमी स्क्रू माउंटच्या लेन्स आहेत. रेंजफाइंडरवर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर, त्या थेट बसतात, मिररलेसवर ॲडाप्टर लावून.

आधी हातात किती जागा आहे ते पाहा. फुलफ्रेमवर ९० मिमी लेन्स एफ/२.८ ला ठेवून २ मीटरवरच्या माणसावर फोकस केलात, तर शार्प पट्टा पुढेमागे मिळून साधारण ८ सेंटीमीटरचा असतो. १ मीटरवर तो जेमतेम २ सेंटीमीटर उरतो. एफ/४ ला १ मीटरवर ३ सेंटीमीटर. उभ्या माणसाचं शरीर श्वासाबरोबर सतत पुढेमागे हलतं. ३५ मिमीवर खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही, म्हणून तयारीला फोटो काढण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा.

१. लेन्स विकत घेताना, दुकानातच

मुंबईत फोर्टात बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी रोडच्या आसपास जुन्या लेन्स मिळतात. जाताना मोबाइलचा टॉर्च, ब्लोअर आणि स्वतःचा कॅमेरा ॲडाप्टरसह न्या.

ॲपर्चर पूर्ण उघडा, फोकस इन्फिनिटीला (सर्वांत दूरच्या टोकाला) ठेवा आणि मागून टॉर्च धरून समोरून तिरकं पाहा. धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही. पांढरट धुरकटपणा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर थांबा. मुंबईच्या हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागणं अगदी नेहमीचं आहे. टेले-एल्मारिटच्या छोट्या, हलक्या आवृत्तीत आतल्या मागच्या काचेवर धूसर थर चढतो आणि बराच काळ राहिला तर काचच खातो. त्यामुळे 'साफ केली की झालं' हे आश्वासन त्या लेन्सच्या बाबतीत मान्य करू नका.

मग फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच अडकत असेल किंवा दिशा बदलताना रिकामी फिरत असेल, तर बारीक फोकस कधीच साधणार नाही. ही खोट मला काचेवरच्या ओरखड्यापेक्षा मोठी वाटते, कारण समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसतही नाही.

तपासा: ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का, आणि मागची काच स्वच्छ आहे का. मागच्या काचेवरचा डाग समोरच्यापेक्षा जास्त त्रास देतो.

२. ॲडाप्टर निवडणं आणि बसवणं

इथली चूक पुढे प्रत्येक फोटोत उतरते, म्हणून थोडं गणित.

लायका एम लेन्सचा माउंट फिल्मपासून किंवा सेन्सरपासून २७.८ मिमीवर असावा लागतो. सोनी ई माउंटचं हेच अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०, फुजी एक्सचं १७.७. उरलेली जागा ॲडाप्टरने भरायची: सोनीवर ९.८ मिमी, निकॉन झेडवर ११.८, कॅननवर ७.८, फुजीवर १०.१.

स्वस्त ॲडाप्टर बऱ्याचदा मुद्दाम किंचित पातळ बनवलेले असतात, म्हणजे ग्राहक 'इन्फिनिटी मिळत नाही' म्हणून परत येत नाही. ९० मिमी लेन्सखाली ॲडाप्टर ०.१ मिमी पातळ असेल, तर खरी इन्फिनिटी लेन्सवरच्या अंतराच्या स्केलवर ८० मीटरच्या आसपास येते. मॅग्निफायरने (व्ह्यूफाइंडरमधला भाग मोठा करून) फोकस करणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. स्केल पाहून फोकस लावणाऱ्याची मात्र फसगत होते. ॲडाप्टर तितकाच जाड असेल तर साधारण ८० मीटरपलीकडचं काहीच शार्प होणार नाही, रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी. जाड ॲडाप्टर सरळ बदलून घ्या. घासून पातळ करायला जाल तर दोन्ही पृष्ठभाग समांतर राहणार नाहीत आणि फ्रेमची एक बाजू कायम मऊ येईल.

स्क्रू माउंटची लेन्स असेल तर आधी १ मिमी जाडीची एम रिंग लागते. ती लेन्सवर टेबलाशी बसून चढवा, कॅमेऱ्यावर नव्हे. आटे आधी उलटे फिरवा, 'टक्' असं जाणवलं की सरळ आवळा. आटे तिरके चढले तर पितळ खराब होतं.

रेंजफाइंडरवाल्यांनी ही रिंग घेताना एक गोष्ट पाहायची. याच रिंगमुळे व्ह्यूफाइंडरमध्ये कोणत्या फ्रेमलाइन (फोटोची हद्द दाखवणाऱ्या चौकटी) दिसतील ते ठरतं. लायका एम६ आणि नंतरच्या बहुतेक बॉडींमध्ये ७५ ची चौकट ५० बरोबर आणि ९० ची २८ बरोबर येते. ७५ ला ५०/७५ ची रिंग, ९० ला २८/९० ची. चुकीची घेतलीत तर फोकस बरोबर बसेल आणि चौकट भलतीच दिसेल.

जवळ फोकस करू देणारे, स्वतः पुढेमागे सरकणारे ॲडाप्टरही मिळतात. ९० मिमी लेन्स एरवी बहुधा १ मीटरच्या फारशी आत येत नाही. ॲडाप्टरने ४ मिमी बाहेर काढली की ती पाऊण मीटरच्या जवळपास येते. फुलं, दागिने, हातावरची मेंदी यासाठी हा प्रकार फार उपयोगी आहे.

सावधान: सरकणारा ॲडाप्टर वापरून झाला की लगेच शून्यावर आणून लॉक करा. 'काल दूरचं शार्प येत होतं, आज येत नाही' या तक्रारीत पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा.

३. आधी डोळा, मग चाचणी

व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डायॉप्टरचं छोटं चाक असतं. ते कोणीच लावत नाही आणि पिशवीत घासून ते आपोआप फिरतं. लेन्सकडे दुर्लक्ष करा. व्ह्यूफाइंडरमधले आकडे आणि अक्षरं धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा घालून फोटो काढणार असाल तर चष्म्यासकट. लायका एम सारख्या रेंजफाइंडरवर हे चाक नसतं. गरज असेल तर आयपीसवर वेगळी डायॉप्टर काच लावावी लागते.

हे इन्फिनिटीच्या चाचणीआधी करायचं. डोळा चुकीचा जुळवलेला असेल तर पुढची सगळी तपासणी निकामी ठरते.

४. इन्फिनिटीची चाचणी

समोरच्या इमारतीची गॅलरी म्हणजे इन्फिनिटी नाही. ५० मीटरवरच्या वस्तूसाठी ९० मिमी लेन्सला इन्फिनिटीपेक्षा ०.१६ मिमी जास्त बाहेर यावं लागतं. आपण ०.१ मिमीची चूक शोधतोय, तेव्हा ५० मीटरचं लक्ष्य चालणार नाही. ओव्हल मैदानाच्या पलीकडून राजाबाई टॉवरवर फोकस करून पाहणारे बरेच आहेत. टॉवर सुंदर आहे, पण या कामासाठी फार जवळ आहे.

एक किलोमीटरपलीकडचं काहीतरी हवं. दादर चौपाटीवरून दिसणाऱ्या सी लिंकच्या केबल, किंवा नरिमन पॉइंटच्या टोकावरून दिसणारे मलबार हिलचे दिवे. वेळ संध्याकाळनंतरची निवडा. दुपारी समुद्रावरची तापलेली हवा थरथरते आणि हिवाळ्याच्या सकाळी धुरकं असतं. दोन्ही वेळी लेन्स चांगली असूनही प्रतिमा मऊ दिसते.

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. मॅग्निफायर सर्वांत मोठा करून एका दूरच्या दिव्यावर न्या. तो ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबा आणि रिंगची जागा पाहा. रिंग शेवटाला टेकली असेल किंवा टेकायला किंचित बाकी असेल तर ठीक. शेवटाला टेकूनही ठिपका अजून लहान होत चालला आहे असं वाटलं, तर ॲडाप्टर जाड आहे.

त्याच बैठकीत तो दिवा फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून पाहा. तीन कोपऱ्यांत ठिपका सारखा आणि एकात पसरट असेल, तर ॲडाप्टर काढून पुन्हा घट्ट बसवा आणि परत पाहा. पसरट कोपरा जागा बदलत नसेल तर दुसरा ॲडाप्टर लावा. तरीही तोच कोपरा पसरट राहिला, तर लेन्समधली एखादी काच सरकलेली असण्याची शक्यता जास्त.

५. फक्त रेंजफाइंडरवाल्यांसाठी

मिररलेस बॉडीवर आपण प्रत्यक्ष प्रतिमा पाहतो. रेंजफाइंडरवर आपण यंत्रणेच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि ७५ ते ९० मिमीवर त्या यंत्रणेची कसोटी लागते. लायका एमच्या रेंजफाइंडरची प्रत्यक्ष रुंदी, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, ६९.२५ मिमी आहे, ०.७२ पट दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये ती परिणामी सुमारे ५० मिमी उरते, ०.५८ मध्ये सुमारे ४०. फॉइग्टलँडर बेसा आर२ए मध्ये रुंदीच ३७ मिमी, म्हणजे ०.७ च्या फाइंडरमधून सुमारे २६. बेसावर ९० मिमी एफ/३.५ आरामात चालते, ९० मिमी एफ/२ पूर्ण उघडी चालवण्याचा आग्रह धरू नका.

तपासणी दोन टप्प्यांची. लेन्सची रिंग इन्फिनिटीला टेकवून सी लिंकचा खांब मधल्या चौकोनात आणा. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. आडवी सरक असेल तर अंतर चुकतंय. उभी सरक असेल तर अंतर बरोबर असूनही डोळ्याला जुळवणं कठीण जातं.

मग घरी, टेपने मोजून १ आणि २ मीटरवर वर्तमानपत्राचं पान तिरकं लावा. अंतर लेन्सच्या टोकापासून मोजू नका, सेन्सर किंवा फिल्म असते तिथून मोजा. बऱ्याच बॉडींवर वरच्या बाजूला वर्तुळावर आडवी रेघ असं त्याचं चिन्ह असतं. पूर्ण उघड्या ॲपर्चरला, प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावून काही फ्रेम घ्या. शार्प ओळ सतत एकाच बाजूला सरकत असेल तर कॅलिब्रेशनचा प्रश्न. कधी पुढे, कधी मागे असेल तर हाताचा.

तीच लेन्स कोणाच्या मिररलेस बॉडीवर ॲडाप्टरने लावून पाहिलीत तर निकाल पक्का होतो. तिथे १ मीटरलाही काटेकोर शार्प येत असेल तर काच निर्दोष आहे आणि दुरुस्ती रेंजफाइंडरला हवी. आतल्या चाकाचा स्क्रू स्वतः फिरवू नका. इन्फिनिटी आणि जवळचं अंतर यांच्या जुळवण्या वेगळ्या असतात. एक सुधारताना दुसरी बिघडते.

चौकटीबद्दलही गैरसमज आहे. फ्रेमलाइन साधारण जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असतात, एम६ मध्ये ०.७ मीटरसाठी. दूरच्या विषयावर फोटोत चौकटीपेक्षा जास्त जागा येते. तिला कॅमेऱ्याची खोट समजू नका, दूरचा फोटो काढताना थोडा घट्ट बांधा.

६. मिररलेसची सेटिंग

शटरच उडत नसेल तर मेनूत जा. सोनीत 'रिलीज विदाऊट लेन्स', फुजीत 'शूट विदाऊट लेन्स' चालू करा. ॲडाप्टरवर संपर्कपिना नसल्याने कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचं कळतच नाही.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. ९० ची लेन्स असेल तर ९० लिहा. फुजी किंवा इतर क्रॉप (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर लोक १३५ लिहितात, ती चूक आहे. काचेवर लिहिलेलाच आकडा द्यायचा. लेन्स बदलली की हा आकडाही बदला. मागच्या लेन्सचे ३५ तसेच राहिले तर स्टॅबिलायझेशन अपुरं पडतं आणि तो मऊपणा चुकलेल्या फोकससारखाच दिसतो.

ऑटो आयएसओ वापरत असाल तर किमान शटरवेग स्वतः १/२५० ला बांधा. बाजारात, रात्रीच्या स्टॉलवर एक अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० ला फ्रेममध्ये पट्टे किंवा कमीजास्त उजेड येऊ शकतो. समोरचा माणूस बसलेला असेल तर स्टॅबिलायझेशनवर भिस्त ठेवून १/१०० ला या, आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा.

मॅग्निफायर अंगठ्याखालच्या बटणावर आणा. बोट शोधत फिरेपर्यंत समोरची व्यक्ती हललेली असते. पीकिंग ठेवायचंच असेल तर सर्वांत कमी पातळीवर.

७. प्रत्यक्ष फोकस

पीकिंग कॉन्ट्रास्टच्या कडा शोधतं. साडीची जरी, गजरा, दाढीचे खुंट, चष्म्याची कड यांवर ते लगेच उजळतं, मग ते फोकसच्या किंचित बाहेर असले तरी. मऊ उजेडातल्या डोळ्यावर ते उजळेलच असं नाही. म्हणून पीकिंगचा उपयोग फक्त जवळपास पोहोचण्यासाठी करा आणि शेवटचा निर्णय मॅग्निफायरवर घ्या.

क्रम असा. ॲपर्चर आधी ठरवा, मग फोकस. या लेन्समध्ये ॲपर्चर लावताक्षणी बंद होतं, ते शटरची वाट पाहत नाही. काही जुन्या रचनांमध्ये, उदाहरणार्थ सोव्हिएत ज्युपिटर-९ ८५ मिमी एफ/२ मध्ये, ॲपर्चर बंद करताना फोकसची जागाच सरकते. उघड्यावर फोकस करून एफ/४ ला आणलंत तर सरक फोटोत येईल. एफ/५.६ पर्यंत ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करा. एफ/८ च्या पुढे व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच शार्प भासतं, तिथे एक-दोन स्टॉप उघडून फोकस करून परत बंद करणं बरं.

डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकलेला. छोट्या लेन्सची रिंग अरुंद असते. दोन बोटांत चिमटीने धरू नका, खालून अंगठा आणि तर्जनीच्या आधारावर फिरवा. पाय पुढेमागे ठेवून उभे राहा, कारण समांतर पायांवर शरीर पुढेमागे झुलतं आणि नेमकी तीच दिशा इथे घातक आहे.

रिंग इन्फिनिटीकडून जवळ आणा. जवळच्या डोळ्याच्या पापण्या शार्प झाल्या की थोडं पुढे जाऊ द्या, मऊ होऊ द्या, मग परत या. एकदा ओलांडल्याशिवाय शिखर कुठे होतं ते कळत नाही. हे ओलांडणं दोनदाच करा. चार-पाच वेळा पुढेमागे करत बसलात तर डोळा थकतो आणि समोरच्याचा चेहराही.

फोकस करून चौकट हलवली तर फोकस जातो, असं सांगितलं जातं. ९० मिमीवर २ मीटरवरून ८ अंश वळलात तर त्या वळण्याने फरक पडतो सुमारे २ सेंटीमीटरचा, आणि एफ/२.८ ला पट्टा ८ सेंटीमीटरचा आहे. म्हणजे २ मीटरवर वळणं निभावतं. १ मीटरवर निभावत नाही, तिथे मॅग्निफायरची खिडकीच डोळ्यावर सरकवा. खरं नुकसान वळताना शरीर पुढेमागे सरकल्याने होतं. चौकट बदलताना फक्त मान आणि मनगट हलवा, कमरेतून हलू नका.

मॅग्निफायरमधून बाहेर आल्यावर एका श्वासात तीन फ्रेम घ्या, रिंगला हात न लावता. त्यातली एक नेमकी बसलेली मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

८. चालती माणसं

दादरच्या फुलबाजारात पहाटे किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी मॅग्निफायरला वेळ नसतो. ९० मिमी एफ/८ ला ५ मीटरवर लावली की साधारण ४.३५ ते ५.९ मीटरपर्यंत सगळं चालून जातं. एवढ्या पट्ट्यात माणूस दोन पावलं चालतो. कुठे येईल ते आधी हेरा, तिथल्या जमिनीवरच्या खुणेवर किंवा कट्ट्याच्या कडेवर फोकस लावून ठेवा आणि पाऊल तिथे पडताच शटर दाबा. ॲडाप्टर पातळ असेल तर स्केलवरच्या ५ वर विश्वास ठेवू नका. खुणेवर डोळ्याने लावा.

सराव कट्ट्यावरच सुरू करा. बसलेली माणसं एका रांगेत, अंतर ओळखीचं, उजेड समुद्राकडून तिरका. विचारून फोटो काढा. ९० मिमी लावून दुरून चोरून काढलेल्या चेहऱ्यापेक्षा हो म्हणून थांबलेल्या माणसावर फोकसही नीट बसतो.

९. पावसाळा आणि साठवण

एसीच्या खोलीतून थेट बाहेर पडलात की काच धुक्याने भरते. पुसू नका. निघण्याआधी लेन्स पिशवीतच बंद ठेवून बाहेरच्या हवेत अर्धा तास राहू द्या. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या वेळी उडालेला तुषार खारट असतो. आधी ब्लोअर, मग किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसा, कोरडं घासणं नको. अशा जागी पुढे फिल्टर असलेला बरा. अनेक छोट्या लेन्सना ३९ मिमीचा लागतो, तरी आपल्या लेन्सचा आटा पाहूनच घ्या. हूड मात्र बारा महिने हवा, कारण जुन्या काचेवर तिरका उजेड पडला की कॉन्ट्रास्ट गळतो आणि पीकिंग आणखी बेभरवशाचं होतं.

चामड्याच्या मूळ डबीत लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला पोसतं. ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रता, नसेल तर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. लेन्स वापरात नसली तरी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेर काढा, फोकस आणि ॲपर्चर दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, टॉर्च मारून आत पाहा, आणि जेलचा रंग बदलला असेल तर तापवून, पूर्ण गार करूनच डब्यात परत ठेवा.